या आठवड्यात मला आवडलेलं: भोपळा, पणत्या आणि उशाशी असलेली पुस्तकं

सायली_जर्सी (३ नोव्हेंबर २०२४, सकाळ)

घड्याळं आज पहाटे एक तास मागे गेली. घरात सगळे गाढ झोपलेत आणि मला नेहमीच्या वेळेला जाग आली, म्हणून हा हाती लागलेला तास या धाग्याला.

आठवडाभरात मनापासून आवडलेल्या गोष्टी रविवारी लिहून ठेवायची सवय मला गेल्या वर्षी लागली. एरवी त्यात एखादी भाजी, एखादं पुस्तक, मुलांचं एखादं वाक्य एवढंच असतं. हा आठवडा मात्र भरभरून होता. गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला, आमच्याकडे न्यू जर्सीत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. भारतात अमावास्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास लागली आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होती, म्हणून महाराष्ट्रात बऱ्याच घरी पूजा शुक्रवारी झाली. आमच्याकडे तीच अमावास्या गुरुवारी सकाळी लागून शुक्रवारी सकाळी संपली. म्हणजे अमावास्येची संध्याकाळ आम्हाला एकच मिळाली, आणि नेमकी तेव्हाच गल्लीतली सगळी मुलं सोंगं घेऊन बाहेर पडणार.

आधी भोपळा. आदल्या शनिवारी शेतावर गेलो होतो. ट्रॅक्टरमागच्या गाडीत पेंढ्यांवर बसून भोपळ्यांच्या वावरात जायचं, हवा तो भोपळा निवडायचा, येताना सायडरचे गरम डोनट खायचे. कोरायचा मोठा भोपळा चवीला अगदी पाणचट असतो. खायचा असेल तर शेजारच्या ढिगातला लहान, गोल, जड भोपळा घ्यावा. त्याला इथे पाय पंपकिन म्हणतात. देठ शाबूत हवा आणि बूड दाबून बघावं, मऊ लागलं तर चार दिवसांत बसतो.

मोठ्या मुलाने (तो सहावीत आहे) यंदा पहिल्यांदा स्वतः झाकण कापलं. सुरी आतल्या बाजूला कलती धरून तिरकं कापायचं, सरळ उभं कापलं तर झाकण आत पडतं. धाकटीने कोपरापर्यंत हात घालून आतला दोऱ्या-दोऱ्यांचा गर ओढून काढला. काकडी चिरल्यासारखा ओला, हिरवट वास घरभर पसरला होता. तिला मी लहानपणापासून 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगत आले आहे. भोपळा रिकामा झाल्यावर तिने आपली बाहुली आत बसवली, झाकण लावलं आणि कान लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, म्हातारीला आत श्वास कसा घेता आला?" त्यावर मोठ्याने तोंड कोरायच्या आधी एक छोटं भोक पाडून दिलं. म्हातारीची खिडकी.

बिया वाया घालवू नका. धुऊन रात्रभर कापडावर पसरायच्या, तेल, मीठ, हिंग, जरा तिखट चोळून ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला वीसेक मिनिटं. मध्ये एकदा हलवायच्या.

आता गुरुवार. यंदा ऑक्टोबरभर आमच्याकडे पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. गुरुवारी दुपारी हवा ८० फॅरनहाइटच्या आसपास आणि अंगणात वाळक्या पानांचा खच, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. त्यात मुलांचे ते सळसळणारे नायलॉनचे पोशाख. म्हणून पायवाटेवर तेलाच्या पणत्या लावल्या नाहीत, तिथे बॅटरीवरचे दिवे ठेवले. तेलाच्या पाच पणत्या दाराशी उंच टेबलावर, वाळू भरलेल्या परातीत, आणि नवरा पाण्याची बादली घेऊन शेजारी. वाऱ्याने ज्योती हलत होत्या, पण पाचही शेवटपर्यंत राहिल्या.

धाकटी झाली होती चिंची चेटकीण. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली. दिलीप प्रभावळकरांची चिंची माझ्या आईने रंगमंचावर पाहिली होती आणि तिच्या नकला करतच तिने आम्हाला वाढवलं. नाक कागदाच्या लगद्याचं, तीन दिवस वाळवलं. अंगावर काळा झगा, खांद्यावरून आजीच्या जुन्या नऊवारीचा हिरवा काठ. दारोदार "हू आर यू?" विचारलं की ती मान तिरकी करून "चिंची!" म्हणायची आणि पुढे कुणाला काही समजावून सांगायची तिला गरजच वाटली नाही.

साडेचारला मुलं निघाली, सूर्यास्ताला, म्हणजे सहाला पाच कमी असताना परत आली. हातपाय धुऊन, नाक उतरवून पूजा केली. लाह्या-बत्तासे, नवी वही, केरसुणी, सगळं. मग दार उघडं ठेवून आम्ही सगळे पायरीवर बसलो.

आणि या आठवड्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट तिथे घडली. चारेक वर्षांचा एक डायनासोर आला. गोळी घेतली, वळला, आणि त्याच्या लांब शेपटीने माझी अर्धी रांगोळी पुसून गेली. त्याचे बाबा कानकोंडे झाले, त्याचे डोळे भरून आले. धाकटीने नाक परत चढवलं होतं. ती तशीच उकिडवी बसली, रांगोळीचा डबा त्याच्यापुढे धरला आणि चिमटीतून रेघ कशी सोडायची ते दाखवायला लागली. दोन बोटांनी घ्यायचं, अंगठा हळूच सरकवायचा. त्याची रेघ जाड आली, तुटक आली. त्याने जिथे संपवली तिथे पांढऱ्या रांगोळीचा छोटा डोंगर झाला. मी तो तसाच ठेवला. आजही आहे.

मी डोंबिवलीच्या चाळीत वाढले. दिवाळीत आई ताटात चकल्या, करंज्या, अनारसे मांडायची, वर क्रोशाचा रुमाल, आणि आम्ही भावंडं मजल्यावरच्या चौदा दारांत ती ताटं पोचवायचो. इथे आल्यापासून दिवाळी फोन करून, वेळ ठरवून, गाडी काढून साजरी होते. न सांगता कुणाचं दार वाजवायची मुभा इथे वर्षातून एकाच संध्याकाळी असते, आणि ती हॅलोविनची. हे मला बारा वर्षांत या गुरुवारी कळलं. म्हणून मी पुढ्यातल्या गोळ्यांबरोबर मोठ्या माणसांसाठी फराळाच्या पुड्या ठेवल्या आणि पलीकडच्या आजीबाई चालत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांच्याकडे मोठ्याबरोबर ताट पाठवलं. वर रुमाल घालून.

पुस्तकांबद्दल आता थोडक्यात, कारण वरून पावलांचे आवाज येताहेत.

मोठ्याबरोबर वॉशिंग्टन आयर्विंगची स्लीपी हॉलोची गोष्ट वाचली. १८२० सालची. वाक्यं लांबलचक आहेत, तो दोनदा कंटाळला, पण गाव आमच्यापासून तास-सव्वा तासावर हडसनच्या काठी आहे म्हटल्यावर पुन्हा बसला. (गावाचं नाव आधी नॉर्थ टॅरीटाउन होतं; १९९६ मध्ये गावकऱ्यांनी ते बदलून गोष्टीतलंच घेतलं.) गंमत अशी की मूळ गोष्टीत हॅलोविनचा उल्लेखच नाही. शरद ऋतू आहे, शेतकऱ्याच्या घरची मेजवानी आहे, त्यात डोनटसुद्धा आहेत, आणि शेवटी मास्तर नाहीसे होतात तेव्हा त्यांच्या टोपीशेजारी सापडतो एक फुटका भोपळा. तिथे त्याने पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, मी त्या गोष्टीतला बिनडोक्याचा घोडेस्वार होणार. बाबांचा कोट डोक्यावरून बटणं लावून घातला, काखेत भोपळा.

मी स्वतः लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचते आहे. कॉलेजात परीक्षेसाठी उतारे वाचले होते. आता दोन मुलं, परका देश, दुसऱ्यांचे सण घरात आल्यावर वाचताना लक्ष्मीबाई वेगळ्याच भेटताहेत. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले ते १८९५ मध्ये; नवरा एका धर्मात, आपण दुसऱ्यात, मूल मध्ये. हे सगळं ती बाई एकदाही गळा न काढता सांगते. रोज रात्री दहा पानं. पुरवून वाचते आहे.

तुमचा आठवडा कसा गेला? काय शिजलं, काय वाचलं, मुलं काय झाली होती?

---

पारिजात७

सुरेख लिहिलं आहेस गं. डायनासोरपाशी थांबले बराच वेळ. आमच्याकडे क्वीन्समध्ये शुक्रवारी शाळांना दिवाळीची सुट्टी होती, न्यू यॉर्क शहरात पहिल्यांदाच. लेक तिसरीत आहे. गुरुवारी तिच्या बाईंनी वर्गात विचारलं म्हणे, उद्या सुट्टी कशाची, कोण सांगेल? तिने सांगितलं. घरी येऊन तिने मला ते चार वेळा सांगितलं, चारही वेळा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

लहान भोपळ्याचं तू काय केलंस? घारगे केले असशील तर प्रमाण दे ना.

---

अरुंधती५८

सायली, तुझं लिखाण मी नेहमी वाचते आणि तुझ्या मुलांचं कौतुक आहेच. पण मनात आलं ते स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऐन अमावास्येला, लेकराला चेटकीण करून दारोदार पाठवायचं हे माझ्या मनाला पटत नाही. त्या दिवशी घर शुचिर्भूत असावं, मुलींनी परकर-पोलकं घालावं, असं आम्ही मानत आलो. परक्या मुलखात मुलांना हे दिवस लक्षात राहायचे तर ते वेगळे ठेवायला हवेत. सरमिसळ झाली की मुलांच्या आठवणीत सोपं ते उरतं, आणि गोळ्या सोप्या असतात.

---

सायली_जर्सी

अरुंधतीताई, राग कसला? तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ती भीती मलाही आहे. म्हणूनच सहाच्या आत घरी यायचं हे आधी ठरवलं होतं आणि मुलांनी ते पाळलं. परकर-पोलकं तिने पूजेला घातलं होतं, लिहायचं राहिलं. पण चिंचीबद्दल मला वाईट वाटत नाही. त्या नाकामुळे तिने तीन आठवडे आजीशी रोज फोनवर मराठीत बोलून नाटकातली चिंची समजून घेतली. ती कशी हसते, कशी चालते. एरवी आजीशी दोन मिनिटांत फोन माझ्याकडे यायचा.

पारिजात, घारग्यांचं असं: सालं काढून किसलेला भोपळा दोन वाट्या, चमचाभर तुपावर झाकण न ठेवता परतायचा, पाणी आटलं पाहिजे. त्यात पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, विरघळला की गॅस बंद. कोमट झालं की वेलची, चिमूटभर मीठ, चमचाभर खसखस, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाणी घालायचं नाही, थेंबभरसुद्धा. घट्ट मळून अर्धा तास ठेवायचं, मग पुरीपेक्षा जाड थापायचे, मंद आचेवर तळायचे. इथल्या भोपळ्याला पाणी जास्त सुटतं, तेव्हा परतताना घाई केली तर कणीक फार लागते आणि घारगे दामट होतात.

---

मांडवीकाठ

अरुंधतीताईंच्या मुद्द्यावर गोव्यातून दोन शब्द. आमच्याकडे दिवाळीची सुरुवातच राक्षसापासून होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे असतात, कागद, गवत, फटाके भरलेले, काही माडाच्या निम्म्या उंचीचे. लाल डोळे, सुळे, लांब जीभ. पोरं आठ-पंधरा दिवस आधीपासून राबतात, रात्रभर जागतात आणि पहाटे तो जाळला की मग घरी जाऊन तेल-उटणं, न्हाणं. तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, "गोविंदा!" ओरडायचं, आणि मग फोव. दुधातले, रसातले, तिखशे, पाच-सहा तऱ्हेचे पोहे.

मी लहान असताना नरकासुराची नखं करायचं काम माझ्याकडे होतं. नारळाच्या करवंटीची. भयानक तोंड करण्यात काही अपवित्र आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते तोंड पहाटे जळणार हे ठाऊक असायचं, म्हणून ते जितकं भीतिदायक तितकं चांगलं.

---

डब्लिनकर

मी सहा वर्षं आयर्लंडमध्ये आहे. हॅलोविनचं माहेर म्हणजे हेच बेट, त्यामुळे राहवलं नाही.

इथे सावन (Samhain) म्हणून जुना सण होता, सुगी संपून काळोखाचे दिवस सुरू होतात त्या रात्रीचा. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस झाला आणि त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. भोपळा मात्र इथला नाही, तो अमेरिकेने दिला. इथे लोक टर्निप कोरायचे, म्हणजे आपल्या सलगमचा थोरला भाऊ. मेयो परगण्यातल्या लोकजीवनाच्या संग्रहालयात जुन्या टर्निपच्या दिव्याची प्रतिकृती ठेवली आहे. मूठभर आकाराचं, सुरकुतलेलं, दात विचकणारं तोंड. आमची मुलगी ते बघून माझ्यामागे लपली होती. भोपळ्याचं तोंड कितीही भयंकर कोरलं तरी गोंडस दिसतं. त्या टर्निपकडे बघून मात्र कळतं की ही माणसं खरोखर कशाला तरी घाबरून दिवा लावत होती.

घरी यंदा बार्मब्रॅक आणला. मनुका घातलेला गोडसर पाव, त्यात अंगठी लपवलेली असते. ज्याच्या वाट्याला अंगठी येईल त्याचं वर्षभरात लग्न. आमच्याकडे ती आठ वर्षांच्या लेकीला आली आणि ती संध्याकाळभर काळजीत होती. शेवटी तिच्या आईने समजूत काढली की हा नियम फक्त मोठ्यांना लागू आहे.

---

निशिगंधा_ऑस्टिन

सायली, लेख छानच. एक विनंती सगळ्यांनाच करते, कारण माझ्या मुलाला शेंगदाणा आणि काजू दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. फराळाच्या पुड्या ठेवताना चिवड्यात दाणे आहेत, लाडवात काजू आहेत, हे वर स्पष्ट लिहा. आणि जमलं तर दारात एक भोपळा मोरपंखी निळ्या रंगाने रंगवून ठेवा. २०१४ पासून ही मोहीम देशभर चालली आहे. तो भोपळा दिसला की आमच्यासारख्यांना कळतं, या घरी खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर, छोटे चेंडू असं काही मिळणार.

आमच्या गल्लीत यंदा असे तीन भोपळे होते. मागच्या वर्षी एकही नव्हता. मुलाची पिशवी घरी येऊन रिकामी करताना मी दरवर्षी निम्म्याहून जास्त गोळ्या बाजूला काढते आणि तो शहाण्यासारखा बघत राहतो, ते मला फार लागतं. यंदा त्याला एका घरी अंधारात चमकणारा सुरवंट मिळाला. तो उशीखाली घेऊन झोपला आहे.

---

सायली_जर्सी

निशिगंधा, पुड्यांवर मी काहीही लिहिलं नव्हतं. चुकलंच. मोठ्यांसाठी ठेवल्या होत्या, पण मुलांच्या हाती गेल्या नसतील असं मी सांगू शकत नाही. आजच गल्लीच्या गटावर कळवते, आणि पुढच्या वर्षी निळा भोपळा नक्की.

---

वाचनवेडा

पुस्तकांकडे कुणीच वळेना म्हणून मी.

'स्मृतिचित्रे' चार भागांत आलं, १९३४ ते १९३७. शेवटचा भाग प्रसिद्ध व्हायच्या आधी, १९३६ मध्ये, लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकवलं गेलं, हे लक्षात ठेवून वाचलं की प्रत्येक पान आणखी मोठं वाटतं. सायली, तू म्हणतेस तसं त्या गळा काढत नाहीत हे खरंच, पण सुरुवातीचं वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण मुलांना मोठ्याने वाचून दाखव. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही, आणि त्या पायी घरातल्या बायकांचे होणारे हाल. माझी मुलं आधी खूप हसली. मग धाकट्याने विचारलं, "आणि त्यांच्या आईला कुणी मदत केली का?"

ज्यांची मुलं मराठी वाचायला लागली आहेत त्यांच्यासाठी: 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने नेटवर मोफत ठेवले आहेत, अगदी १९७१ च्या पहिल्या अंकापासून. चित्रं बघत बघत पोरं शब्दांपर्यंत येतात. आम्ही रोज एक पान छापून फ्रीजवर लावतो.

दिवाळी अंक अजून आलेले नाहीत. पार्सल तीन आठवड्यांपूर्वी निघालं आहे आणि एकाच गोदामात बसलं आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. फराळ आणि अंक एकाच दिवशी हातात असायला हवेत असं मला आजही वाटतं. असो, येतील तेव्हा पुन्हा दिवाळी.

---

अरुंधती५८

मांडवीकाठ, नारळाच्या करवंटीची नखं वाचून माझे वडील आठवले. आमचं मूळ सावंतवाडीकडचं, ते कारीट फोडताना आम्हाला आधी जिभेवर कडू बी ठेवायला लावायचे. किती वर्षांत आठवलं नव्हतं.

सायली, माझं मत तेच आहे. पण आजीशी रोज मराठीत फोन, हे तू पहिल्या लेखातच लिहायला हवं होतंस. त्या नाकाचा फोटो टाक.

---

सायली_जर्सी (५ नोव्हेंबर, रात्र)

फोटो टाकते ताई, नाकाचं टोक आता जरा चेपलं आहे. ती ते लावून गृहपाठ करते.

भोपळ्याचं तोंड काल खारींनी आतून कुरतडायला घेतलं. म्हातारीची खिडकी होती तिथून एक खार डोकं बाहेर काढून बसली होती, धाकटी शाळेची बस चुकेपर्यंत बघत उभी राहिली. उद्या उरलेला भोपळा खताच्या खड्ड्यात.

वाचनवेडा, सोवळ्याचं प्रकरण काल रात्री वाचलं. धाकटीने तुमच्या धाकट्याचाच प्रश्न विचारला. शब्द जवळजवळ तेच.

आणि एक सांगायचं राहिलं. आज संध्याकाळी पलीकडच्या आजीबाईंची नात ताट परत घेऊन आली. डोंबिवलीत दुसऱ्याचं ताट रिकामं पाठवायचं नाही, निदान साखर तरी घालायची, हे त्यांना कोण सांगणार? पण ताटावर माझा क्रोशाचा रुमाल होता, धुऊन, इस्त्री करून, आणि खाली केळ्याच्या पावाचे सहा जाड तुकडे. सोबत चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात: ती तिखट चक्राकार वस्तू अजून मिळेल का?

चकलीची भाजणी एक वाटी शिल्लक आहे. उद्या तेल तापवते.